मांजर पाळायला लायक ससा

मुलांनो, मांडी घालून बसा. मोबाइल पालथे ठेवा.

एका जंगलात ओढ्याकाठी ‘वनश्री हाइट्स’ नावाची बिळांची सोसायटी होती. जमिनीखालच्या बिळांना हाइट्स का म्हणायचं, हे साळिंदर बिल्डरला कुणी विचारलं नव्हतं. त्याला जवळ जाऊन काही विचारणं अवघडच होतं.

तिथे निनाद नावाचा एक ससा आईवडिलांसोबत राहायचा. शिकलेला, घरूनच काम करणारा. आई कुमुद त्याच्यासाठी स्थळं बघत होती. एकदा जेवता जेवता तो म्हणाला, “आई, मला लग्न नको. मला मांजर हवी.”

कुमुदचा कोशिंबीर वाढणारा हात तसाच राहिला.

“साधी नाही गं,” निनादने धीर दिला. “संकरित. आई घरातली मांजर आणि वडील डोंगरापलीकडचा रानबोका. अंगावर बिबट्यासारखे ठिपके. सध्या सगळ्यांना तीच हवीय.”

मुलांनो, तुम्हाला वाटेल, आता निनादच्या वडिलांनी एकच वाक्य बोलून विषय संपवला असेल. ते वाक्य तुम्हाला सुचलंसुद्धा. तुम्ही लहान आहात ना, म्हणून सुचलं.

वडील दिगंबरराव मोठे होते. ते म्हणाले, “तू मांजर पाळणार? अंथरुणाची घडी घालता येते का तुला?”

“ओला टॉवेल गादीवर टाकतो,” कुमुद म्हणाली.

“दारातली तुळस वाळवलीस. तुमच्या पिढीला नुसती हौस. जबाबदारी नको,” दिगंबरराव म्हणाले.

शेजारच्या घोरपडकाकू भिंतीला चिकटून ऐकत होत्या. त्या आत आल्या. “बरोबर बोललात भावोजी. आमच्या भाच्याने हौसेने मासे आणले. आता पाणी कोण बदलतं? त्याची आई.”

विषय एवढा गाजला की सोसायटीने परिसंवाद ठेवला. ‘आजची तरुण पिढी संकरित मांजर पाळण्यास सक्षम आहे काय?’ अस्वल म्हणालं, तरुणांकडे संयम नाही. माकड म्हणालं, तरुणांवर विश्वास टाकून बघा. अध्यक्ष घुबड होतं आणि कार्यक्रम दुपारचा होता, त्यामुळे ते दोन्ही बाजूंना सारखीच मान डोलवत होतं. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही.

निनादने ते सगळं मनावर घेतलं. तो पहाटे उठू लागला. अंथरूण आवरू लागला. तुळशीला नवी पालवी फुटली. मांजरींवरचं एक जाड पुस्तकही त्याने वाचून काढलं. आहाराच्या प्रकरणात ‘लहान सस्तन प्राणी’ असे शब्द होते. त्यांच्याखाली त्याने रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘कुठे मिळतात, चौकशी करणे.’

आईवडील मात्र नाहीच म्हणत होते. आणि त्यांचं ‘नाही’ टिकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण निनादने परस्पर अर्ज केला होता, आणि एका सकाळी खोकडबाई घर बघायला आल्या. खोकड म्हणजे छोटी कोल्हीण. ह्या बाई मांजरी देत, पण घर आणि मुलगा बघितल्याशिवाय देत नसत.

आता बघायला कुणी येणार म्हटल्यावर कुमुदचे हात आपोआप पोहे भिजवू लागले. दिगंबररावांनी इस्त्रीचा सदरा घातला. निनादला समोर बसवण्यात आलं.

“मुलगा स्वभावाने कसा आहे?” खोकडबाईंनी विचारलं.

“अगदी गरीब,” कुमुद म्हणाली. “उठल्या उठल्या अंथरुणाची घडी. ओला टॉवेल म्हणून कधी गादीवर पडायचा नाही.”

निनाद आईकडे बघतच राहिला.

“आणि जबाबदारीची जाण म्हणाल,” दिगंबरराव म्हणाले, “तर लहानपणापासूनच.”

खोकडबाईंनी बशी खाली ठेवली. “मुलगा चांगला आहे हो. पण नाही जमायचं.”

“का?” दिगंबररावांनी विचारलं.

“आता कसं सांगू? ससा आहे तो.”

“म्हणजे आमची जात काढता?”

“जात नाही हो काढत. मांजरीचा स्वभाव मला माहीत आहे. मी स्वतः आल्यापासून पोह्यांकडेच बघतेय. तुमच्याकडे बघायचं टाळतेय.”

“त्या भेकराच्या मुलाला दिलीत ना? त्याच्यात काय सोनं आहे?”

“तो अंगाने मोठा आहे, दादा.”

“आता अंगकाठीही काढली!” दिगंबरराव उठून उभे राहिले. “बाई, आमच्या घराण्यात आजवर कुणाला नकार आलेला नाही. आता तर मांजर येणारच. आणि याच घरात येणार.”

भिंतीला चिकटलेल्या घोरपडकाकूंनी बाकीचं काम केलं. संध्याकाळपर्यंत सगळी सोसायटी निनादच्या बाजूने झाली. ज्यांनी कालपर्यंत तरुणांना नावं ठेवली होती, त्यांनीच खोकडबाईंच्या दारात ठाण मांडलं. शेवटी बाई कंटाळल्या.

“न्या,” त्या निनादला म्हणाल्या. “एवढंच कर बाळा, दाराला कडी घालू नकोस. तिला जावंसं वाटलं तर जाऊ दे.”

मांजर आली. कुमुदने ओवाळलं. दिगंबररावांनी पेढे वाटले. निनादने तिचं नाव मायरा ठेवलं, तिच्यासोबत फोटो काढले, आणि एवढी देखणी मांजर कुणी पळवेल म्हणून दाराला कडी घातली.

मायरा आपल्या घरगुती आईच्या वळणावर गेली होती. समोर गाजराचा कीस आला की ती हुंगायची आणि “छान झालाय” म्हणायची. दुधी आला तरी तेच म्हणायची. हळूहळू तिच्या फासळ्या दिसू लागल्या.

एका दुपारी ती म्हणाली, “निनाद, जरा लांब बस.”

“का? तुझं माझ्यावर प्रेम नाही?”

“आहे. माझी घरातली अर्धी बाजू तुझ्यावर फार प्रेम करते.”

“आणि रानातली?”

“तीही. म्हणून सांगते, लांब बस. खरं तर दारच उघड.”

निनाद मूर्ख नव्हता. त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं आणि त्याचे कान ताठ झाले. पुस्तकात न सापडलेलं सगळं त्याच्या पायांना कळलं. तो दाराकडे धावला. कडीवर हात ठेवला.

बाहेरून घोरपडकाकूंचा आवाज आला. “काय रे, परत करतोयस की काय? मी म्हटलंच होतं ह्यांना, झेपायचं नाही पोराला.”

पलीकडच्या खोलीतून दिगंबरराव ओरडले, “निनाद! त्या खोकडबाईला बोलायला जागा देऊ नकोस हं!”

बाहेर ओढा होता, गवत होतं, पळायला हवी तेवढी जागा होती. आणि दारातच काकू उभ्या होत्या.

“नाही काकू,” तो म्हणाला. “कडी नीट लागलीय का, बघत होतो.”

मायराने डोळे मिटले आणि आपल्या घरातल्या अर्ध्या बाजूला हाक मारली. पण ती बाजू दुपारची झोपते. रानातली जागी होती.

शोकसभेला सगळे आले. अस्वल म्हणालं, “शेवटपर्यंत त्याने मांजर परत केली नाही. तरुणांबद्दलचं माझं मत चुकीचं होतं.” माकड म्हणालं, “तरी थोडा अनुभव कमी पडला.” ते मात्र सगळ्यांनाच पटलं.

मग प्रश्न आला मायराचा. तिला आता कोण सांभाळणार? बराच ऊहापोह झाला. तरुणांच्या हातात पुन्हा द्यायची नाही, यावर एकमत झालं. कुणातरी जाणत्याकडे द्यावी, असं ठरलं. सगळे दिगंबररावांकडे बघू लागले.

कुमुद रडत होती. ती एकदम म्हणाली, “अहो, ती मांजर आहे. आपण ससे आहोत.”

“चारचौघांत जात काढू नकोस,” दिगंबरराव हळूच म्हणाले.

कुमुद तिथूनच तडक माहेरी निघून गेली. जबाबदारी टाळली, असं लोक म्हणाले. दिगंबररावांनी डोळे पुसले, मायराला उचललं, घरी नेलं आणि आतून कडी लावून घेतली.

तात्पर्य : तरुणांच्या हाती संकरित मांजर देऊ नये. त्यांच्या अंगात अजून तेवढी जबाबदारी भरलेली नसते. वडीलधाऱ्यांच्या अंगात ती भरपूर असते आणि मांजरीला बरेच दिवस पुरते.