देवतळे भाऊजींची हवेची टाकी

८ जूनची गोष्ट. पावसाआधी वर्षाचे गहू साफ करून कोठीत भरायचे, म्हणून सकाळीच अंगणात चटई टाकून सूप घेऊन बसले होते. तेवढ्यात शेजारचे देवतळे भाऊजी कुंपणावरून डोकावले.

आमच्या नालवाडीत माणसे भेटली की जेवण झाले का विचारतात. भाऊजी चाकातली हवा विचारतात. विचारतात कसले, खिशातून हवा मोजायचे घड्याळ काढून खाली बसतातच. दूधवाल्याची मोटरसायकल असो की पाहुण्यांची कार, कुणाला सोडत नाहीत. माझ्या स्कूटीत हवा कधी भरली जाते ते मलाही कळत नाही.

पाटबंधारे खात्यात कारकुनी करून ते निवृत्त झाले. त्यानंतर वर्षभरात बायको गेली. मग त्यांनी एक जुनी जीप घेतली, चारही चाके ओढणारी. सेलूच्या भंगारवाल्याकडून ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी आणून तिच्या पोटाखाली बसवली, इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर जोडला. टाकीत साचलेले पाणी काढायला रोज संध्याकाळी खालची तोटी उघडतात. त्या फुत्काराने गल्लीतली कुत्री पार हमरस्त्यापर्यंत पळतात. जीप मात्र भाजीबाजाराच्या पुढे गेलेली कुणी पाहिली नाही. आमच्या ह्यांनी त्यावरून छेडले, तर म्हणाले, "हवा जवळ असली का मानूस कोनाचा मिंधा नाई राहत."

तर त्या दिवशी माझे सूप पाहून त्यांना राहवले नाही. "काऊन हात दुखवता वहिनी? दोन मिनिटाचं काम हाय," म्हणत त्यांनी कुंपणावरून जीपच्या टाकीची नळी आत घेतली आणि तिचा खटका दाबला.

कोंडा उडाला. गहूही उडाले. तुळशीत, नालीत, दोरीवरच्या ओल्या चादरीत.

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. भाऊजींनी मुकाट्याने नळी गुंडाळली, आत आले आणि मातीतले गहू वेचू लागले. मीही वेचत होते. थोड्या वेळाने विचारले की भाजी आणायला एवढी टाकी लागते कशाला.

ते मान खाली घालूनच बोलले. त्यांची लेक मंजू आर्वीकडे एका खेड्यात दिलेली. पहिलटकरीण, श्रावणात दिवस भरतात. तिच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत नुसती काळ्या मातीची पांदण. पावसाळ्यात तिथे रुग्णवाहिका पोचत नाही. चाकांतली हवा कमी केली तर जीप चिखलातून निघते, पण दवाखान्यापर्यंत पळवायची तर डांबरी लागताच हवा परत भरावी लागते, आणि तिथे पंक्चरवाला नाही.

पहिले बाळंतपण माहेरी करतात, तिला इथेच का आणत नाही, असे मी म्हटले.

"गेलतो आनायले. विहीणबाई म्हने, तुमच्या घरी बाईमानूस नाई, बाळंतिणीचं कोन करन? बरोबरच हाय तिचं." ते एकेक दाणा फुंकून सुपात टाकत होते. "आनता नाई येत, तं जाता तरी आलं पायजे मले."

मी गहू कोठीत भरले, चादर पुन्हा धुतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांचा डबा भरला, बरी साडी नेसले आणि भाऊजींच्या जीपमध्ये जाऊन बसले. चला, म्हटले. आर्वीच्या पुढे वळवाच्या पावसाने पांदण राड झाली होती. भाऊजींनी उतरून चारही चाकांची हवा कमी केली आणि जीप म्हशीसारखी डुलत पार झाली. विहीणबाईंना मी ओसरीवरच सांगितले, की बाईमाणूस आहे, भिंतीला भिंत लागून राहते, आणि दोन नणंदांची बाळंतपणे तिने केलेली आहेत.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"शेक-शेगडी जमते काय तुमाले?"

जमते, म्हटले.

"घेऊन जा मंग," त्या म्हणाल्या. मंजू भिंतीला धरून उठली आणि आत बॅग भरायला गेली. तिला वाकू द्यायचे नाही म्हणून मी मागोमाग गेले.