शेवटचा हात

टण्ण! रविवारी भर दुपारी, लेक गौरवी झोपलेली असताना, स्वयंपाकघरात चमचा पडला. तिने कूस बदलली, पण उठली नाही. चमचाही कोणी उचलला नाही.

"कोणी पाडला?" मी लॅपटॉपमधून मान वर न काढता विचारलं.

"ती कुलेर म्हजी न्हय गो," सासूबाई म्हणाल्या.

"मी तर चमचा बघितलाही नाही," नवरा म्हणाला.

इब्रामपूरच्या या घरात बसून मी संगणकाच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, काम करते. जमेल तेव्हा, अर्थात लेक झोपते तेव्हा. तिथे मेमरीची पानं, म्हणजे छोटे तुकडे, असतात. एकच पान अनेक प्रोग्रॅमच्या नकाशात असू शकतं, सगळे ते वापरतात. पण मालक ठरलेला हवा, आणि काम झाल्यावर पान मोकळं करणं त्याच्यावर. मालकाचा पत्ता नसला की पान अडकून पडतं आणि यंत्र हळूहळू गुदमरतं. हुबेहूब आमचं घर.

सबब, व्यापक कुटुंबहितार्थ मी नियम जारी केला: वस्तूला शेवटचा हात ज्याचा, तो तिचा मालक. पुढचं सर्व निस्तरणं त्याचंच.

रुद्रेशला, म्हणजे नवऱ्याला, नियम फार आवडला. तो पेडण्याला कचेरीत आहे. "आमच्याकडे फाइलींना हेच लागू आहे," तो म्हणाला. "म्हणून तर कोणी फाइलीला हात लावत नाही."

हा इशारा होता. मी पाठिंबा समजले.

"सुने, हें धर गो मात्शें," म्हणत सासूबाईंनी मला खरकटी कढई दिली. मी धरली. हस्तांतरण पूर्ण. पाठोपाठ ओले टॉवेल, नासलेलं दूध, रुद्रेशचं हेल्मेट. घर भराभर माझ्या मालकीचं होत गेलं. मग मीही शहाणी झाले. हात पाठीमागे बांधून घरात वावरू लागले.

आता कोणी कशालाच शिवेना. फाटक उघडं राहिलं, गाय आत आली आणि मिरचीची रोपं फस्त करून गेली. "शेवटचं तोंड तिचं," रुद्रेशने निकाल दिला. "परसाची मालकीण तीच."

मला हवी होती ती शांतता घरात नांदू लागली. काम झपाट्याने पुढे सरकलं. नियम तोंडपाठ झाला तो गौरवीला. बाहुली दिवसभर कडेवर. "शेवटचा हात माझा," ती सर्वांना बजावी, "म्हणून ही माझी."

एका रविवारी दुपारी ती पायरीवरून घसरली. आम्ही तिघंही धावलो, आणि थबकलो. जो उचलेल त्याच्याकडे गुडघा धुणं, हळद लावणं, भरवणं, निजवणं, सगळं ओघाने आलं. सासूबाईंनी रुद्रेशकडे पाहिलं. रुद्रेशने माझ्याकडे. मी मागे वळून लॅपटॉपच्या पडद्यावरच्या अर्ध्या ओळीकडे.

गौरवीचं रडणं आपसूक थांबलं. ती स्वतःच उठली, फ्रॉक झटकला, गुडघ्यावर फुंकर घातली. मग बाहुलीला नीट कडेवर घेऊन तिने माझ्याकडे बघितलं.

"आई, मला शेवटचं कोणी उचललेलं?"