मुलाखतीच्या शर्टाची पाठ

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी डेल ओस्टरमान यांनी ट्रूडी हावलिचेकच्या शर्टाची पाठ कात्रीने कापली.

नेब्रास्कातल्या त्या छोट्या धावपट्टीवर यात गैर काही नव्हतं. शिकाऊ वैमानिकाने पहिल्यांदा एकट्याने विमान उडवून सुखरूप उतरवलं, की शिकवणारा त्याच्या शर्टाची पाठ कापतो, तिच्यावर नाव-तारीख लिहितो आणि भिंतीला टांगतो. आधी सांगायचं नाही, हाही रिवाजच. सराव चालू असताना डेल मध्येच विमानातून उतरले, "तीनदा उतरवून दाखव, पोरी," म्हणाले आणि त्यांनी बाहेरून दार लावलं. ट्रूडीने तीनदा उतरवलं. तिसऱ्यांदा तर चाकं कधी टेकली ते डेलनाही कळलं नाही. सत्तरीचे डेल रडतच कात्री घेऊन आले.

"डेल," ट्रूडी हळूच म्हणाली, "साडेअकराला माझी मुलाखत आहे."

"मग?"

"हा मुलाखतीचा शर्ट होता."

मुलाखत राज्याच्या राखीव हवाई पथकाची होती. ट्रूडी नऊ वर्षं शाळेची बस चालवत होती. एकोणीस तारखेला तिला तेहतीस पूर्ण होणार होती आणि त्यानंतर पथकाचं दार बंद. पथक निवडलेल्यांना फुकट शिकवत असे. स्वखर्चाने व्यावसायिक वैमानिक व्हायचं तर घर विकावं लागलं असतं, आणि घर वडिलांचं होतं. वडील त्यात राहत होते.

"कोट आहे ना?" डेल म्हणाले. "मग! छप्पर कोसळलं तरी काढायचा नाही."

पथकाच्या इमारतीतला बॉयलर त्या दिवशी बंदच होत नव्हता. तिन्ही अधिकारी बाह्या दुमडून बसले होते.

"कोट काढा. इथे भट्टी झालीय," कर्नल ब्रॅनिगनबाई म्हणाल्या.

"नको मॅडम. मला थंडी वाजतेय."

तिच्या कपाळावरचा घाम टपकन अर्जावर पडला.

"ताप आहे का तुम्हाला? आजारी उमेदवार मी पुढे पाठवत नसते. थांबा, डॉक्टरांना बोलावते."

डॉक्टर आले तर कोट निघणारच. ट्रूडीने तो आपणच काढला. समोरून काही दिसलं नाही.

"पाणी घ्या."

पाणी तिच्या मागच्या भिंतीशी होतं. ट्रूडी उलट्या पावलांनी निघाली.

"हावलिचेक, ही कुठली चाल?"

"बसची सवय आहे, मॅडम."

पाण्याच्या टेबलाला धडकून ती गर्रकन वळली. पाठीवर हातभर भगदाड, आणि त्यातून आतला टी-शर्ट दिसत होता. तो गावच्या 'कोलाचे' या गोड पावांच्या मेळाव्यातला होता. त्यावर लिहिलं होतं: 'लाजू नका, आणखी दोन खा!'

कर्नलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"कधी?"

"आज सकाळी. नऊ चाळीसला."

"वारा कुठला होता?"

"नैऋत्येचा."

"माझ्या वेळी वाराच नव्हता," कर्नलबाई म्हणाल्या आणि खुर्चीत मागे रेलल्या. त्यांचं संपतंय तोवर डावीकडच्या मेजरने सुरुवात केली. त्याच्या आईने त्याच्या शर्टाचं ते कापड उशीत शिवून ठेवलं होतं. उजवीकडच्या कॅप्टनला आपले शिकवणारे आठवले आणि पुढे बोलवेना. ट्रूडीने त्याला पाणी आणून दिलं, या वेळी सरळ चालत.

पुढच्या उमेदवाराने दार वाजवलं, तेव्हा लक्षात आलं की ठरलेल्या बारा प्रश्नांपैकी एकही कोणी विचारलेला नाही.

"उत्तरं नाहीत, म्हणजे गुण देता येणार नाहीत," मेजर डोळे पुसत म्हणाला.

"पुन्हा बोलावू," कर्नलबाई म्हणाल्या. "लवकरच."

शुक्रवारी संध्याकाळी पाचला कार्यालय बंद झालं, तोवर नवी तारीख आलेली नव्हती. कर्नलबाईंनी धावपट्टीवर दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा त्या डेलशी वाऱ्याबद्दल बोलल्या. त्या दिवशी तेरा तारीख होती. एकोणीसला सहाच दिवस उरले होते.