घाबरायचं काम

आमच्या घरात माणशी एक शिट्टी आहे. माझी, बायको वैशालीची, मुलगी मुक्ताची आणि एक जास्तीची, पाहुण्यांसाठी. दाराशेजारच्या खिळ्यांवर किल्ल्यांबरोबर त्या टांगलेल्या असतात. घरी पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारतो, की तुमच्याकडे कुणी रेफरी आहे का? नाही. आमच्याकडे सॅमसनकाका आहेत.

काका समोरच्या दारात राहतात. जुन्या पनवेलमधल्या आमच्या इमारतीत त्यांनी मुद्दाम पहिला मजला निवडला. तळमजल्याला गाढी नदीच्या पुराची भीती, वरच्या मजल्यांना आगीची. पहिल्या मजल्यावरून उडी मारली तर फार तर पाय मोडतो, असा त्यांचा विचार. ते बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पनवेलात पूर्वी त्यांची बरीच घरं होती. एकेक करत लोक इस्रायलला गेले आणि काका राहिले. त्यांच्या धर्मग्रंथातला सॅमसन नुसत्या हातांनी सिंह फाडायचा म्हणतात. आमचे सॅमसन जिन्यात मांजर दिसलं तर त्याला लस टोचली आहे का, याची आधी चौकशी करतात.

तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. नोकरी संपली, पण सेफ्टी संपली नाही. कुठल्याही आनंदाच्या प्रसंगी त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "शक्यता नाकारता येत नाही." मुक्ताच्या वाढदिवसाला मेणबत्त्या लावल्या तेव्हा ते पाण्याची बादली घेऊन पडद्याजवळ उभे होते. मी स्वतः विमा एजंट. लोकांना भीती घालणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, पण काकांपुढे मी लिंबूटिंबू. मी माणसाला एकदा मारतो, काका सात तऱ्हांनी मारतात आणि पॉलिसीही विकत नाहीत.

आणि कुणी कुठेही गेलं, की त्यांना फोन हवा. मी बहिणीकडे सुकापूरला निघालो तरी. सुकापूर म्हणजे रिक्षात बसून नीट टेकेपर्यंत येणारं गाव. पण तिथे पोचून चपला काढतोय तोवर फोन वाजतो, "पोचलास का रे?" पोचलो म्हटलं की लगेच ठेवतात. पुढे एक शब्द नाही.

असा माणूस शेजारी असताना आम्ही व्हिएतनामला जायचं ठरवलं. आमची पहिली परदेशवारी. वैशालीने गेल्या दिवाळीपासून हॉटेलांचे फोटो बघून बघून ते पाठ केले होते. आम्ही पेढे घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही. मग समुद्र, वादळं, जेवणातल्या गोगलगाई, परक्या देशातली वाहतूक आणि विमानाची चाकं, एवढ्यांच्या शक्यता त्यांना नाकारता आल्या नाहीत. घरी येताना वैशालीचा चेहरा असा झाला होता, की आम्ही सहलीला नव्हे, मोहिमेवर निघालो आहोत.

निघायच्या आदल्या रविवारी त्यांनी आमची ड्रिल घेतली. खरीखुरी. भरलेल्या बॅगा घेऊन आम्हाला दोनदा जिना उतरवला आणि दुसऱ्यांदा बॅगा वरच टाकून उतरायला लावलं, कारण बॅगेपायी माणसं जातात. शिट्ट्या तेव्हाच गळ्यात पडल्या. मग मुक्ताला समोर उभं करून नियम पाठ करून घेतला, "हरवलेल्याने हलायचं नाही. शोधणाऱ्याने हलायचं. हरवलेल्याने नुसती शिट्टी वाजवायची." तिने तो एवढ्यांदा म्हटला, की खालचे वॉचमनही म्हणायला लागले. मी हसून बेजार. मुक्ता मात्र हसत नव्हती. नऊ वर्षांच्या पोरीला नियम फार आवडतात.

हॅनोईतल्या एका बाजारात, भर सकाळी, माझं हसणं बंद झालं. वैशाली टोप्या बघत होती, मी भावाची घासाघीस करत होतो, आणि मुक्ता शेजारी नव्हती. एवढंच. आत्ता होती आणि आत्ता नव्हती. बाजाराच्या गल्ल्या बोटभर रुंद, सगळीकडे तीच दुकानं, तेच रंग, अवाक्षर कळत नाही अशी भाषा. वैशाली मुक्ताच्या नावाने हाका मारत एका बाजूला गेली आणि मी दुसऱ्या. काकांच्या सगळ्या शक्यता, ज्यांची मी वर्षानुवर्षं टिंगल केली होती, त्या गल्लीगल्लीतून माझ्या अंगावर आल्या. अशी भीती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. तिला आवाज नसतो, आजूबाजूचे आवाजच बंद होतात.

आणि त्यातून शिट्टी ऐकू आली. बारीक, न थांबता. सुक्या मासळीच्या दुकानासमोर मुक्ता पाय जुळवून उभी होती, गाल फुगवून शिट्टी वाजवत होती आणि भोवती चार व्हिएतनामी बायका कानांवर हात ठेवून उभ्या होत्या. "मी हलले नाही," ती म्हणाली. मी तिला उचललं आणि तिथेच खाली बसलो.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी काकांकडून एक ताट आलं. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं, वेलची, सुकामेवा आणि बाजूला फळांच्या फोडी. मलिदा म्हणतात त्याला. तो आम्हाला नवीन नव्हता. असं ताट त्यांच्याकडून अधूनमधून यायचं. त्यांचा काहीतरी सण असेल असं आम्ही धरून चाललो होतो. दुसऱ्याच्या धर्माचं किती विचारायचं, म्हणून कधी विचारलं नाही. वैशाली ताट धुऊन त्यात लाडू किंवा चिवडा घालून परत द्यायची आणि मला सांगायची, की यांच्यात सणांना काही धरबंध दिसत नाही, गेल्या वर्षी हा मे महिन्यात होता.

संध्याकाळी काका आले. बाजारातला प्रकार मी सांगितलाच नाही, मुक्ताने सांगितला. ते तिची शिट्टी हातात घेऊन रुमालाने पुसत राहिले. मग मला भलतंच विचारायला लागले. विमान उठतं तेव्हा पोटात काय होतं? हाताला धरायला काही असतं का? आणि मधे उतरायचं असेल तर?

हे कशासाठी चाललं होतं ते मला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक मुलगी रिबेका लग्न होऊन इस्रायलला, अश्दोदला राहते. तिचा मुलगा नोआम तेरा वर्षांचा होत होता. त्यांच्यात त्या वयाचा मुलगा पहिल्यांदा सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून धर्मग्रंथ वाचतो. आजोबा समोर हवेत, असा त्याचा हट्ट होता. काकांनी नातवाला फक्त फोनवर पाहिलं होतं. रिबेका दर वर्षी बोलवायची, काका दर वर्षी पासपोर्ट तपासायचे आणि दर वर्षी एखादी शक्यता आडवी यायची. त्यात तिकडे हल्ल्याचे भोंगे वाजण्याचे दिवस आले. अश्दोदला भोंगा झाला की रिबेकाच्या घरचे तळघरातल्या खोलीत धावायचे, आणि इकडे पनवेलमध्ये काकांच्या घराचा दरवाजा उघडा असल्यामुळे आम्हालाही ऐकू यायचं, "पोचलीस का? पोचलात का गं सगळे?" त्या वेळी ते पोचलो म्हटल्यावरही फोन ठेवायचे नाहीत.

मग बेनी आला. बेन्यामिन, काकांचा शाळेतला मित्र, विशीत इस्रायलला गेलेला, तोही अश्दोदलाच राहणारा. मुलगा, सून, नातवंडं असं सगळं कुटुंब सुट्टीला घेऊन तो आला होता, म्हणजे त्यांची परदेशवारी आमच्या पनवेलात. पोरं अलिबागला समुद्र बघायला गेली आणि बेनी काकांकडे गप्पा मारायला बसला. आम्हालाही बोलावलं होतं. बेनीचं मराठी गेलं तेव्हाचं जसंच्या तसं राहिलं आहे. तो अजून गाडीला "मोटार"च म्हणतो. पनवेलच्याच इस्रायल तलावात दोघं पोहायला शिकले तेव्हा आधी उडी सॅमसनने मारली होती, असं त्याने सांगितलं. आम्ही काकांकडे बघितलं. काका केळ्याची सालं गोळा करत होते.

कारखान्यातली गोष्टही बेनीनेच काढली. एकदा टाकीतून वायू सुटला तेव्हा सगळे बाहेर पळाले आणि हा आत गेला, दोन कामगारांना ओढून बाहेर आणलं. साराने बेनीला अश्दोदला फोन करून रडत रडत सांगितलं होतं. सारा म्हणजे काकांची बायको. आम्ही इथे राहायला येण्याआधीच त्या वारल्या. हे असलं काही काकांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मुक्ता त्यांच्याकडे, ते आत्ताच दुसऱ्या ग्रहावरून उतरले असावेत तशी बघत राहिली.

तेवढ्यात मलिद्याचं ताट आलं. वैशालीने कौतुकाने विचारलं, की आज कुठला सण?

बेनी हसायला लागला. "सण कसला? हा नवस आहे. एलियाहू हन्नबीला, आमच्या प्रेषिताला, नवस बोलायचा, माणूस सुखरूप पोचला की मलिदा करायचा. मी पोचलो ना इथे, म्हणून हा."

वैशालीचा हात ताटावरच राहिला. माझ्याही डोक्यात गणित सुरू झालं होतं. व्हिएतनामहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ताट. माझ्या आईचं ऑपरेशन झालं, ती घरी आली, तेव्हा ताट. मुक्ताची शाळेची सहल घाटातून परतली तेव्हा ताट. मे महिन्यातला तो सण म्हणजे मी एकटा मोटारसायकलवरून गोव्याला गेलो होतो, तो. आमच्या घरातलं माणूस उंबऱ्याबाहेर पडलं की हा माणूस समोरच्या दारात बसून आमच्यासाठी देवाशी बोलत होता, आणि आम्ही ताटात चिवडा घालून परत करत होतो.

काका वर बघत म्हणाले, "हा पंखा जरा हलतोय."

बेनीने पंख्याकडे पाहिलंच नाही. म्हणाला, "सॅमी, आमच्या परतीच्या विमानात जागा आहे. नोआम रोज विचारतो. चल."

काकांनी सुरुवात केली, गुडघे, भोंगे, हवेतले खड्डे. बेनी ऐकत राहिला. शक्यता संपत आल्या तसा काकांचा आवाज बारीक होत गेला. शेवटी ते थांबले आणि जे म्हणाले ते मी विसरणार नाही.

"बेनी, सारा होती तोवर मी कुठेही जात होतो. आगीत गेलो. घाबरायचं काम तिचं होतं. वर विमानात बसलेल्याने निवांत बसावं, पण खाली घाबरणारं कुणीतरी लागतं रे. ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. आता मी गेलो तर माझ्यासाठी खाली कोण आहे?"

बोलली वैशाली. तिने पदर नीट केला, जसा देवळात करते, आणि म्हणाली, "काका, आम्ही आहोत ना. तुमच्या एलियाहू हन्नबीला आमचं बोलणं चालतं का, तेवढं सांगा."

काकांनी बेनीकडे पाहिलं. बेनीने डोळे पुसत मान हलवली. "चालतं. तो काय आडनाव विचारतो?"

"पण तुम्हाला जमेल का?" काकांनी मला विचारलं. "तू तर सारखा हसत असतोस."

"हॅनोईला शिकलोय," मी म्हणालो.

काका गेले. गळ्यात आमची पाहुण्यांची शिट्टी घालून गेले. त्यांची स्वतःची त्यांनी नोआमसाठी बॅगेत भरली. विमानतळाच्या दारातून आत जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. घरी येईपर्यंत मी पंख, चाकं, इंजिन, वैमानिकाची झोप आणि काकांचे गुडघे यांच्या सगळ्या शक्यता तपासल्या आणि एकही नाकारता आली नाही. वैशालीने नारळ, गूळ आणि पोहे आणून ठेवले होते. नवस कसा बोलायचा ते नीट ठाऊक नव्हतं. आम्ही तिघं समोरच्या बंद दारापाशी उभे राहिलो आणि मराठीतच बोललो.

फोन दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी आला.

"पोचलो," काका म्हणाले. मागे पोरांचा गलका होता आणि त्यात शिट्टी वाजत होती. "नीट घाबरला होतास ना?"

"रात्रभर."

"मग बरोबर," ते म्हणाले. मी सुटकेचा निःश्वास टाकून वैशालीला नारळ फोडायची खूण करत होतो, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "नारळ इतक्यात फोडू नका. परतीचं बाकी आहे."

नोआमचं वाचन छान झालं. आजोबा पहिल्या रांगेत, बाहेर जायच्या दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, असं रिबेकाने कळवलं. त्यानंतर दोनदा भोंगे झाले. दोन्ही वेळा फोन मी केला. काय बोलायचं ते वेगळं ठरवावं लागलं नाही, तोंडातून आपोआप तेच आलं, "पोचलात का?" ते पोचलो म्हणाले, तरी मला ठेवता येईना.

काका अजून तिकडेच आहेत. नारळ आमच्या ओट्यावर आहे. मी रोज सकाळी तो कानाशी धरून हलवून बघतो. आत पाणी आहे.