लांजेवार सिस्टरचे साखरपुडे

लांजेवार सिस्टर तान्ह्या मुलांशी कधी खोटं बोलत नसत. मोठ्यांशीही त्या खरंच बोलत, पण ते ऐकवत नसे. काल जन्मलेल्या पोराच्या टाचेतून रक्त घ्यायचं असलं की त्या त्याच्या कानाशी वाकून सांगत, "हा लॅबवाला तुले टोचून राहिला गा. दुखन. रडजो." मग माझ्याकडे वळून, "हां, टोचा आता." पोराला नोटीस बजावल्याशिवाय सुई चालवायला बंदी होती.

तो लॅबवाला म्हणजे मी. सत्तरच्या दशकात इतवारीतल्या एका सूतिकागृहात मी लॅब असिस्टंट होतो. बाहेर भांडेबाजाराची ठोकाठोक, आत पोरांची रडारड. माझं वय तेवीस, हातात सुई आणि डोक्यात ज्ञान. इतक्या लहान मुलांना दुखणं कळतच नाही, असं आमचे बडे डॉक्टर सांगत, आणि मी तेच त्यांच्यापेक्षा मोठ्याने सांगे. एखादं पोर किंचाळलं तर बापाला म्हणे, "चांगलं आहे, फुफ्फुसं मोकळी होतात."

सिस्टर भिवापूरच्या. मिरचीचं गाव, जास्त सांगत नाही. पन्नाशीची ठेंगणी बाई, आवाज मात्र सहा फुटी. त्यांच्याजवळ झाकणाची एक स्टीलची डबी असे. तिच्यात उकळून गार केलेलं पाणी आणि साखर. साखर घरच्या रेशनची. स्वतः बिनसाखरेचा चहा पिणार आणि साखर लोकांच्या पोरांना चाटवणार. कापसाचा बोळा बुडवून दोन थेंब जिभेवर, मग पोर मिटक्या मारायला लागेपर्यंत थांबायचं. तोवर मी सुई धरून उभा. मंगलाष्टकं लांबली की नवरदेव हार धरून उभा असतो, तसा.

थेंब झाले की आईवर पाळी. "वं बाई, पोरगं कोणाचं आहे? मंग पाळण्यात काहून? घे उराशी. लुगडं बाजूले कर, अंगाले अंग लागू दे." तेवढ्यात एखादी आजी खुळखुळा वाजवत म्हणायची, "काही नाही होत रे सोन्या, काही नाही होत." झालं! सिस्टरचं डोकं फिरलंच. "काही नाही होत तं तुम्ही द्या ना टाच, आजीबाई. तुमच्यापासूनच सुरुवात करू." आजी खुळखुळ्यासकट दाराबाहेर.

या कारभारात दहा पोरांचं रक्त घ्यायला दुपार व्हायची. बडे डॉक्टर एकदा राउंडवर वैतागले. "सिस्टर, हे सायन्समध्ये बसत नाही."

"नाही बसत तं उभं राहू द्या, सर," सिस्टर म्हणाल्या आणि पुढच्या पाळण्याकडे गेल्या.

मी या प्रकाराला 'साखरपुडा' असं नाव ठेवलं. रोज वॉर्डात शिरताना ओरडायचो, "सिस्टर, आज किती साखरपुडे?" कामावरच्या आया हसायच्या, बाळंतिणी टाके सांभाळत हसायच्या. सिस्टरचं लग्न झालेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. म्हणून तर तो विनोद होता. एवढी तिखट बाई, पण यावर ती नुसती डबीचं झाकण लावून पुढच्या पाळण्याकडे वळे, आणि त्याचा मला फार आनंद होई. किती हलकट होतो मी!

एकदा सिस्टर चार दिवस सुट्टीवर गेल्या. चार दिवस माझं राज्य. नऊच्या आत सगळ्या टाचा आटोपल्या. त्याच दिवसांत कामठीची एक बाई बाळंत झाली आणि रक्त थांबेना म्हणून तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं. नवरा आणि आई तिच्याबरोबर गेले. मुलगा राहिला आमच्याकडे. दुसऱ्या दिवशी तो हळदीसारखा पिवळा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ रक्त तपासा, काविळीचा आकडा असाच चढला तर अंगातलं सगळं रक्त बदलावं लागेल, आणि एवढासा जीव त्यातून निभेल याची खात्री नाही.

मी टोचत गेलो. सकाळी, संध्याकाळी, परत सकाळी.

पाचव्या दिवशी सिस्टर कामावर आल्या, तेव्हा मी त्याच्याच पाळण्यापाशी होतो. स्पिरिटचा बोळा नुसता टाचेला लावला. सुई अजून ट्रेमध्ये होती. पोराने पाय पोटाशी ओढला आणि किंकाळी फोडली.

ज्याला काही कळत नाही असं मी गावभर सांगत होतो, तो मला ओळखायला लागला होता.

सिस्टरनी दोन्ही टाचा उलटून पाहिल्या. काळ्यानिळ्या पडल्या होत्या. आता मिरची येणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी डबी उघडून थेंब दिले, पोराने ते थुंकून टाकले. कोणाच्या उराशी द्यावं, तर आई नव्हती.

सिस्टरनी पडदा ओढला. "तिकडे पाहा, लॅबवाले भाऊ."

मी भिंतीकडे पाहिलं. बटणांचा आवाज आला.

"या."

सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या. पोर पदराआड, त्यांच्या उघड्या छातीशी. बाहेर फक्त एक पाऊल. रडणं हळूहळू खाली आलं. मी ती टाच तळहातात धरून गरम केली, आयुष्यात पहिल्यांदा. मग टोचलं. पाऊल थरथरलं, पदराआडून एक बारीक कुं आलं, आणि संपलं. नळी भरली.

खाली जाऊन मी तीनदा तपासलं. आकडा उतरला होता. धावत जिना चढलो.

तासाभराने सिस्टर तशाच बसलेल्या होत्या.

"सिस्टर, आकडा उतरला! रक्त बदलायचं नाही. ठेवा आता पाळण्यात, झोपलाय तो."

"ठेवते," त्या म्हणाल्या. पण हलल्या नाहीत. पदराआडून एवढीशी मूठ दिसत होती, ब्लाउजची कड घट्ट धरलेली. सिस्टर तिच्याकडे पाहत होत्या.

"पाच मिनिटं थांबा ना जी," त्या हळूच म्हणाल्या. "मले असं कोणी धरलं नव्हतं कधी."

मी बाहेर येऊन पडदा नीट ओढून घेतला. समोरून बडे डॉक्टर येत होते. "लांजेवार कुठे आहे?"

"त्या कामात आहेत, सर," मी म्हणालो, आणि पडद्यासमोर उभा राहिलो.