आधी हात

आमच्या शेजारच्या गंगाक्का दार उघडल्यावर 'या' म्हणत नसत. 'हात' म्हणत. मग आपण दोन्ही हात पुढे करून उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, अक्का पितळी तांब्यातून पाणी घालणार, आपण करवंटीतल्या तांबड्या साबणाने हात चोळायचे, आणि 'सरी, आता ये' असा हुकूम झाला की आत जायचं. यातून पोस्टमन सुटला नाही, घरमालक सुटला नाही. एकदा मतं मागायला आलेला उमेदवार हात जोडून उभा होता. अक्कांनी ते जोडलेले हात सोडवले आणि धुऊन घेतले.

बंगळुरात जयनगर तेव्हा नुकतंच वसत होतं. आमच्यासारखंच अक्कांचंही घराणं पिढ्यान्पिढ्या या मुलखात मुरलेलं, मराठीत निम्मं कन्नड. विधवा बाई, एकटी राहते, डोक्यात सोवळ्याचं खूळ शिरलंय, असं गल्लीचं मत. मला ते पटत नसे. अक्का कुणाच्याही हातचं खात. हात धुतलेला हवा, एवढीच अट.

मग माझी बायको सुमती बाळंतपणासाठी शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात गेली. त्या इस्पितळाची आठवण झाली की आजही माझं डोकं तापतं. फरशी अशी चकचकीत की तोंड बघावं. भिंतीवर 'थुंकू नका' तीन भाषांत. आणि हात धुवायच्या बेसिनचा नळ कोरडा, आत शोभेची कुंडी! साबण मेट्रनबाईंच्या कपाटात कुलपात, कारण बाहेर ठेवला तर चोरीला जातो म्हणे. अहो, साबण जपता आणि बाळंतिणी वाऱ्यावर सोडता? सुमतीच्या शेजारच्या खाटेवरची बाई तापाने फणफणलेली, तिच्या पलीकडचीही तशीच. नर्स म्हणाली, "असं होतंच हो." होतंच म्हणजे काय?

मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर फेरीवर आले. पांढरा कोट, टाय, मागे लवाजमा. शेजारच्या बाईची पुवाने भरलेली पट्टी त्यांनी सोडून पाहिली, बोटं कोटाला पुसली आणि तेच हात घेऊन सुमतीकडे वळले. मी तोंड उघडणार, तोच सुमतीच्या सोबतीला आलेल्या गंगाक्का आडव्या आल्या. खांद्यावर धुवट पंचा, एका हातात तांब्या, दुसऱ्यात करवंटी, आणि खाटेखालची बादली पायाने सरकवत आणलेली.

"कै तोळीरी, स्वामी." हात धुवा, हे इतक्या गोड कन्नडमध्ये मी पहिल्यांदाच ऐकलं.

"कोण या बाई?" डॉक्टर कडाडले. "माझे हात स्वच्छच असतात!"

"असणारच की. जावईसुद्धा आंघोळ करूनच येतो. तरी पाटावर बसायच्या आधी त्याच्या हातावर पाणी घालतोच ना आपण?"

"मला उशीर होतोय."

"मग स्वल्प लवकर चोळा."

सगळा वॉर्ड बघत होता. वयस्कर बाई तांब्या कलता करून उभी असताना हात मागे घेणं आपल्याकडे कुणाला जमलंय? डॉक्टरांनी आधी मेट्रनकडे पाहिलं, मग तांब्याकडे. हात पुढे आले. बादलीत पडलेलं पाणी मी पाहिलं. ते स्वच्छ नव्हतं.

"आता बघा माझ्या पोरीला," अक्का म्हणाल्या.

मेट्रनबाईंनी नंतर मला दम भरला, या बाईंना पुन्हा आणू नका. मी म्हटलं, तुम्ही साबण बाहेर काढा, त्या येणार नाहीत. साबण काही बाहेर आला नाही. अक्का रोज येत राहिल्या.

सुमती सुखरूप घरी आली. बाळ बघायला गल्ली लोटली आणि अक्का तांब्या घेऊन आमच्याच दारात उभ्या राहिल्या. एकेकाच्या हातावर पाणी घालायचं आणि आत सोडायचं. सगळ्यांनी बाळ घेतलं. गर्दी ओसरल्यावर सुमती म्हणाली, "अक्का, आता तुम्ही घ्या."

अक्कांनी दोन्ही हात पदराखाली लपवले. "नक्को. इथनंच दिसतोय की."

"असं कसं? घ्या ना."

"माझ्या वत्सलेचं बाळंतपण आनेकलच्या घरी झालं," अक्का म्हणाल्या. त्यांना मुलगी होती हे मला तेव्हा कळलं. "सुईण यायची होती. मी गोठ्यात शेण काढत होते. तिची हाक ऐकली नि तशीच धावले. हात नुसते लुगड्याला पुसले. पोर ओरडत असताना कोण हात धुतंय? मग तिला ताप भरला, तो उतरलाच नाही. त्या डॉक्टरला मी कुठल्या तोंडानं बोलले, माझं मला ठाऊक. तो पुसत होता तसेच मी पुसले होते, सुमती."

मला रडू आवरेना. साऱ्या गल्लीच्या हातावर या बाईने पाणी घातलं होतं. तिच्या हातावर कुणी घातल्याचं मी पाहिलं नव्हतं.

मी उंबऱ्यापाशी ठेवलेला तांब्या उचलला. "आधी हात, अक्का."

मग पदराखालून हात बाहेर आले. मी पाणी घालत होतो, त्या चोळत होत्या. तांब्या रिकामा झाला तरी चोळतच होत्या. शेवटी सुमती उठली, तिने पंच्याने ते हात कोरडे केले आणि त्यांत बाळ ठेवलं.