गाडी कुणापुढं किती वाकली

साखरबाई आत्यांनी पिकअपच्या पायरीवर उजवा पाय ठेवला आणि गाडी त्यांच्या बाजूला वाकली. पाया पडायला वाकावं तशी, सावकाश आणि आदबीनं. आत्यांनी पाय काढला, गाडी सरळ झाली. पुन्हा ठेवला, पुन्हा वाकली. मांडवगण फराट्याच्या दूध डेअरीसमोर त्या वेळी बरीच माणसं कॅन घेऊन उभी होती. कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त वाईट झालं.

"सत्या," आत्या म्हणाल्या, "गाडी वाकली का रं?"

"न्हाई आत्या. हितं जमीन उतरती हाय."

सत्यजीतला खरं कारण माहीत होतं. गेल्या आठवड्यात त्यानं गाडी दौंडच्या एका गॅरेजात ठेवली होती. घरी सांगितलं होतं, ग्रीसिंग आणि किरकोळ कामं. प्रत्यक्षात त्यानं स्प्रिंगचे पुढचे-मागचे लोखंडी पाटे कमी करून ती मऊ करून घेतली होती आणि लांब दांड्याचे शॉकअप टाकले होते. आता प्रत्येक चाक वीतभर खाली उतरायचं, वीतभर वर चढायचं. एक चाक खड्ड्यात गेलं तरी बाकीची तीन जमीन सोडत नव्हती. येत्या रविवारी भीमेच्या पात्रात ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा होती आणि त्याला तीत उतरायचं होतं. तिथं त्यासाठी खड्डे मुद्दाम खणणार होते. मांडवगणच्या रस्त्यावर ते आयते होते, पण त्यांना बक्षीस नव्हतं.

गाडी मात्र मुळात कांद्याची. सत्यजीतच्या वडलांनी, सावळारामआबांनी, चार गोण्या जास्त बसाव्यात म्हणून तिला मागं एक जादा पाटा घालून घेतला होता. पहिल्यांदा निघाला तो हाच. आबांना याचा पत्ता नव्हता.

आणि आज आत्यांना दौंडला न्यायचं होतं. सत्यजीतसाठी तिथल्या मोनालीचं स्थळ त्यांनी आणलेलं, शेवटचं बोलणंही त्यांनीच करायचं. शेती करणारा मुलगा म्हटल्यावर आजवरची सगळी स्थळं चहा पिऊन गेली होती. मोनालीनं मात्र आपण होऊन फोन नंबर दिला होता आणि महिनाभर दोघं रोज बोलत होते. आत्यांनी नाक मुरडलं असतं, तर हेही घर हातचं गेलं असतं. त्यात आत्यांनी वर्षभर गोड आणि भात सोडला होता. आपण निम्म्या झालो, असं त्या सासरहून, केंदूरपासून, भेटेल त्याला सांगत आल्या होत्या.

सत्यजीतनं गाडी देवळापुढच्या सिमेंटच्या अंगणात आणली. आत्या चढल्या. गाडी वाकली.

"हितंबी उतरती हाय?"

"टायरात हवा कमी आसंल, अक्का," आबा म्हणाले.

पंक्चरवाल्या बन्सीनं चारही चाकांची हवा मोजली. "हवेचं काय न्हाई," तो म्हणाला. "बसणाऱ्याचं आसंल."

सत्यजीतनं त्याला डोळे वटारून दाखवले, पण वाक्य निघून गेलं होतं. आत्या खाली उतरल्या आणि त्यांनी चौकशी स्वतःच्या हातात घेतली. आधी सत्यजीतच्या बहिणीला, नीलमला, चढवलं. चाक आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर बोटांनी मोजलं, ते एक बोट कमी झालं. मग बबनरावांना बोलावलं. बबनराव हे गावचे माजी उपसरपंच. लग्नात त्यांना प्लॅस्टिकची खुर्ची द्यायची नाही, असा आसपासच्या मंडपवाल्यांचा अलिखित ठराव होता. ते चढले. तीन बोटं.

"आता मी बसते. मोजा तुम्ही."

बबनरावांनी मोजलं आणि गरजेपेक्षा मोठ्यानं सांगितलं, "चार."

आत्या उतरून देवळाच्या पायरीवर बसल्या. "मी दौंडला येत न्हाई. ज्या पोराच्या गाडीनं चारचौघांत माझं माप काढलं, त्याच्या लग्नात मी काय मिरवू? तुमचं तुम्ही जमवा."

सत्यजीत पायरीपाशी धावला. "आत्या, तुमचं काय न्हाई त्यात. गाडीच मी तशी करून घेतलीय. पाटे काढलेत."

"कुठलं पाटे?" हा आवाज आबांचा होता.

आबा धोतर सावरत गाडीखाली शिरले. थोडा वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते. मग खालून प्रश्न आला, "माझा जादा पाटा कुठं हाय?"

"दौंडला."

"तिथं काय करतोय त्यो?"

"गॅरेजात पडलाय."

आबा बाहेर आले ते टोपीला ग्रीस लावून. "कांद्याच्या गाडीचा पाळणा केला व्हय रं तू? चल आधी दौंडला. पाटा बसव, मग तुझ्या लग्नाचं बघू."

आत्या जागच्या हलल्या नाहीत. "उगं नाटकं नका करू बापलेक. माझं मन राखायला पोरगं खोटं बोलतंय. गुणाचं हाय, पर खोटं बोलतंय. ते पाटे माझ्या डोळ्यांनी बघितल्याबिगर मी पोरीच्या दारात उतरायची न्हाई."

या अटीवर चौघं निघाले. नीलम आणि आबा मागच्या हौद्यात बसले. रस्ताभर गाडी होडीसारखी तरंगत गेली. एकाही खड्ड्यानं आत्यांना धक्का दिला नाही, पण त्या काही कौतुक करण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या.

दौंडला पोचले तर गॅरेज बंद. त्या दिवशी आठवड्याची सुट्टी असते, हे सत्यजीत घाईत विसरला होता. आबा मालकाचं घर शोधायला रिक्षानं गेले. मोनालीच्या घरून तीनदा फोन आल्यावर सत्यजीतनं गाडी नेऊन त्यांच्या दारात उभी केली. आत्या खाली उतरल्या नाहीत. नीलम पाणी प्यायला म्हणून आत गेली आणि मोनालीला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगून मोकळी झाली.

मोनालीची आई, पुतळाबाई, बाहेर आली. ती काडीसारखी बारीक होती. सत्यजीतनं तिच्याकडं बघितलं, मग आत्यांकडं.

"अहो साखरबाई, खाली उतरा की. चहा निवतोय."

"उतरते," आत्या म्हणाल्या आणि खरंच उतरल्या, पण रस्त्यावरच उभ्या राहिल्या. "आधी तुम्ही जरा बसून बघा. जावयाची गाडी हाय, कशी वाटती ते सांगा."

"आत्या, कशाला त्यांना तरास..."

"तू गप."

पुतळाबाईंनी पदर खोचला आणि चढल्या. आत्यांनी वाकून चाकापाशी बोटं लावली. सत्यजीतनं डोळे मिटले. गाडी करकरली, कलली आणि बसली.

"पाच," आत्या म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा पाच. त्या ताठ उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभर सोडलेलं सगळं गोड एकदम परत आलं होतं. "बसा हो, बसा निवांत," त्या प्रेमानं म्हणाल्या. "आंगानं किती बारीक तुम्ही, पर हाड जड दिसतंय. काय न्हाई, आसतं एकेकाचं. पोरगी आम्हाला पसंत हाय. साखरपुड्याची तारीख आत्ताच काढू."

तेवढ्यात आबा जादा पाटा खांद्यावर घेऊन, घामाघूम होऊन आले.

"सावळ्या, ठेव तो घरी," आत्यांनी फर्मावलं. "साखरपुडा हुईस्तोवर ह्या गाडीला हात लावायचा न्हाई. ह्यांच्याकडची सगळी माणसं मी ह्याच गाडीतनं आणणार हाय. एकेक करून."

आबांनी पाटा भिंतीला टेकवला.

सत्यजीत मात्र चक्रावला होता. काडीसारख्या बाईला पाच बोटं हा हिशेब कुठल्याच स्प्रिंगमध्ये बसत नव्हता. तो गाडीला वळसा घालून मागं गेला. बंपरच्या, आत्यांनी मोजलं त्याच बाजूच्या कोपऱ्यावर नीलम आणि मोनाली चिकटून उभ्या होत्या, हौद्याच्या कडीला धरून, समोरच्या घरावरची पाण्याची टाकी निरखत.

"बास का?" मोनालीनं त्याच्याकडं न बघता हळूच विचारलं. "का आणखी जोर लावू?"

"बास. उतरा आता."

"येडे का तुम्ही? आई उतरल्याबिगर आम्हाला उतरता येतंय का? गाडी वर आली की आत्यांना समदं कळंल."

केबिनमधून पुतळाबाईंचा आवाज येत होता, सीट फार मऊ आहे म्हणून. मोनालीनं ओढणी सावरली, कडी आणखी घट्ट धरली आणि विचारलं, "रविवारी नदीत तुमच्या शेजारी कोण बसणार हाय?"